दार नसलेलं घर

प्रिय चि.,

तुझ्या चित्रकलेच्या तासाला सातवीतल्या एका मुलीने दार नसलेलं घर काढलं आणि तू तिच्या एकटेपणावर मला चार पानं लिहिलीस. चार पानांत तिच्या तोंडचं एक वाक्य नाही. विचारलंस का तिला?

रागावलोय खरा, कारण ही चूक मी आधी केली आहे. आठवीला स्मरणचित्रासाठी ‘आमचे शेत’ दिलं होतं. सगळ्यांनी बैलजोडी, झोपडी, दोन डोंगरांमधला सूर्य काढला. एकाने मात्र अख्खा कागद काळ्या पोस्टर कलरने भरला आणि कोपऱ्यात एक पिवळा ठिपका दिला. मी वडिलांना बोलावून सांगितलं, पोराच्या मनात काहीतरी सलतंय. त्यांनी चित्र पाहिलं. म्हणाले, “आमच्याकडं शेतातल्या मोटरीला रातची लाईट असते, सर. मी पिकाला पाणी द्यायला दारं धरतो, ह्यो बॅटरी दावतो.”

अख्ख्या वर्गात शेत बघून काढणारा तो एकटा. पुढच्या तासाला त्याने दोन डोंगर काढले. मधे सूर्य.

तेव्हा पन्नास पोरं, पस्तीस मिनिटांचा तास आणि एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेतल्या ग्रेडसाठी वरून तगादा. विचारायला वेळ कुठे होता, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. पण वडिलांना बोलावायला वेळ होताच की! आता तर तिच्या पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या ए, बी, सी ग्रेडला दहावीत अनुक्रमे ७, ५, ३ वाढीव गुण मिळतात, तगादा आणखी वाढला असेल. तरी आधी पोरांना विचार. काळा रंग दुःखाचा, लाल रागाचा, असले तक्ते फेकून दे. कित्येकदा पेटीत तेवढीच बाटली उरलेली असते. कित्येकदा घंटा होते आणि दार राहून जातं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक चित्रामागे मुलांकडून दोन ओळी लिहून घेतल्या. मुख्याध्यापक चिडले, ग्रेड घसरल्या. मी हटलो नाही, आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

विचारल्यावर खरंच काही वाईट निघालं, तर मात्र एक दिवसही थांबू नकोस, मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ ला फोन कर. पण आधी विचार. ‘हे असं का काढलंस?’ म्हणू नकोस, पोरं घाबरून दार काढून देतात. ‘या घराबद्दल सांग ना,’ एवढंच म्हण.

सोमवारी सातवीचा तास आहे ना? तिच्या बाकावर जाऊन बस. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत कळव.

तुझा,
सर