वाचक विचारतात : सर्फिंगच्या कंपन्यांना जाब विचारायचा तो कुठे?

प्रश्न : आमचा स्कूबा आणि सर्फिंगचा छोटा व्यवसाय आहे. यंदा वीस वेटसूट (पाण्यात अंग उबदार ठेवणारे रबरी पोशाख) घ्यायचे आहेत. ते ज्या कृत्रिम रबराचे असतात त्या निओप्रीनच्या कारखान्यामुळे अमेरिकेत लोकांना त्रास झाला असे ऐकले. ‘चुनखडीचे निओप्रीन’ घेतले तर चालेल का? (मालवण)

उत्तर : ऐकले ते खरे आहे. निओप्रीन बनते क्लोरोप्रीन या रसायनापासून. अमेरिकेत ते बनवणारा एकच कारखाना होता, लुइझियानातल्या लाप्लासला. आधी तो ड्यूपाँट कंपनीचा होता, 2015 च्या अखेरीस डेन्का या जपानी कंपनीकडे गेला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2010 मध्येच क्लोरोप्रीनमुळे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असल्याचे ठरवले. आयुष्यभर श्वासातून जाणाऱ्या हवेत ते घनमीटरला 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असेही सांगितले. कारखान्याच्या आसपास बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्ती आणि प्राथमिक शाळा. 2023 मध्ये सरकारने खटला भरला, मार्च 2025 मध्ये तो मागे घेतला. मे 2025 मध्ये कंपनीने उत्पादन बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. तेवढ्याने प्रश्न मिटला नाही, कारण जपान, चीन, जर्मनी इथेही निओप्रीन बनतेच.

चुनखडीचे म्हणाल, तर फरक फक्त सुरुवातीला आहे. नेहमीच्या पद्धतीत खनिज तेलातून मिळणाऱ्या ब्युटाडाइनपासून क्लोरोप्रीन करतात. दुसऱ्या पद्धतीत चुनखडी भाजून चुना करतात, तो कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत दोन हजार अंशांच्या आसपास तापवून कॅल्शियम कार्बाइड मिळवतात, कार्बाइडपासून अॅसिटिलीन आणि अॅसिटिलीनपासून पुन्हा तेच क्लोरोप्रीन. खनिज तेल वाचते, वीज प्रचंड लागते आणि कामगारांच्या व शेजाऱ्यांच्या नाकाशी येणारे रसायन बदलत नाही. चुनखडीच्या सूटला ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून जास्त पैसे मागणे आम्हाला साफ चुकीचे वाटते.

खरा पर्याय नैसर्गिक रबराचा. पॅटागोनिया या अमेरिकी कंपनीने 2016 मध्ये युलेक्स नावाच्या रबराचे सूट आणले. त्यात सुमारे 85 टक्के रबर झाडाच्या चिकाचे, उरलेले कृत्रिम. दोडामार्गच्या वाचकांना हे झाड नवे नाही. पण झाडाचे म्हणून डोळे मिटून घेऊ नका. जंगल तोडून लावलेल्या मळ्यातला चीकही नैसर्गिकच असतो, म्हणून जंगल जपून घेतलेल्या मालाला मिळणारे एफएससी प्रमाणपत्र मागा.

विक्रेत्याला लेखी विचारा : फोम कशाचा आहे? फोमचे तक्ते कोणत्या कारखान्यातून येतात? निओप्रीन असेल तर क्लोरोप्रीन कुठले? कापड चिकटवायचा गोंद पाण्यात मिसळलेला की द्रावकातला? शिवण कुठे होते? वेगवेगळ्या नावांचे कितीतरी सूट तैवानच्या शेइको या एकाच समूहाकडे शिवले जातात, त्यामुळे ‘आम्हाला माहीत नाही’ हे उत्तर घेऊन परत फिरू नका.

आणि वीस सूट लागतीलच का, हेही मोजा. कोकण-गोव्याचे पाणी कोमट असते. सर्फिंगच्या विद्यार्थ्याला उन्हापासून जपणारा लायक्राचा रॅश गार्ड (अंगाला चिकटून बसणारा शर्ट) पुरतो. पाण्याखाली तास-तास राहणाऱ्यांसाठीच सूट ठेवा. दरवेळी गोड्या पाण्यात धुवा, उलटे करून सावलीत वाळवा. उन्हाने रबराला चिरा पडतात, नैसर्गिक रबराला जास्तच. फाटले तर दोन्ही कडा कोरड्या करून निओप्रीनच्या गोंदाचे पातळ दोन थर द्या. प्रत्येक थर हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग कडा घट्ट दाबा. ओल्या गोंदावर कडा जोडल्या की तिसऱ्या दिवशी सुटतात.

प्रश्न : तक्रार करायची तर पत्र कोणाला लिहायचे? लेबलवर नुसते ब्रँडचे नाव असते. (ठाणे)

उत्तर : नावाचा मालक आणि माल बनवणारा, दोघे वेगळे असू शकतात. सर्फिंगच्या कपड्यांचा ब्रँड क्विकसिल्व्हर, त्याच्या कंपनीने बोर्डरायडर्स नाव घेतले, 2018 मध्ये बिलाबाँग ही दुसरी सर्फिंग कंपनी विकत घेतली, आणि 2023 मध्ये हे सगळे ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुपकडे गेले. तो समूह नावे परवान्यावर देतो. अमेरिकेत या नावांची दुकाने चालवणारी परवानाधारक लिबरेटेड ब्रँड्स 2025 मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणून पत्राच्या दोन प्रती काढा : एक नावाच्या मालकाला, एक भारतातल्या आयातदाराला. आयातदाराचे नाव-पत्ता वेष्टनावर छापणे आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे.

लेबलवरच्या देशावर विसंबू नका. रिप कर्ल या ऑस्ट्रेलियाच्या सर्फिंग कंपनीच्या 2015 च्या हिवाळी कपड्यांपैकी काही उत्तर कोरियात शिवले गेले होते आणि त्यांवर ‘मेड इन चायना’ लिहिले होते. 2016 मध्ये ते उघड झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि उपकंत्राटदाराने परस्पर काम दिल्याचे सांगितले. ऑस्ट्रेलियात 2018 च्या कायद्याने दहा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना गुलामगिरीविरोधी निवेदन (माल बनवताना सक्तीची मजुरी होऊ नये म्हणून काय केले याचे) दरवर्षी द्यावे लागते. त्याची नोंदवही इंटरनेटवर खुली आहे. कंपनीचे निवेदन उघडा आणि शिलाईच्या उपकंत्राटांबद्दल त्यात काय लिहिले आहे ते आधी वाचा.

प्रश्न : मुलगी सर्फिंग शिकते. मुलींना बक्षीस कमी का? हे बदलते का? (पुणे)

उत्तर : बदलते, पण परवानगी देणाऱ्याने अट घातली की. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बालिटोच्या ज्युनिअर स्पर्धेत विजेत्या मुलाला 8000 रँडचा आणि मुलीला 4000 रँडचा धनादेश मिळाला. फोटो जगभर फिरला, संताप झाला. पण कॅलिफोर्नियात महिला सर्फरांनी त्याआधीच मॅव्हरिक्स या प्रचंड लाटांच्या ठिकाणच्या स्पर्धेचा प्रश्न हाती घेतला होता. किनारा सार्वजनिक, परवाना सरकारी. म्हणून त्या किनारा आयोगापुढे आणि राज्य भूमी आयोगापुढे उभ्या राहिल्या : महिलांना वगळून किनारा का देता? सप्टेंबर 2018 मध्ये व्यावसायिक सर्फिंगच्या जागतिक स्पर्धा घेणाऱ्या वर्ल्ड सर्फ लीगने 2019 पासून समान बक्षिसांची घोषणा केली. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने सरकारी जमिनीवरच्या स्पर्धांसाठी तसा कायदाच केला.

आपल्याकडे स्पर्धा सरकारी किनाऱ्यावर किंवा सरकारी पैशाने होत असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून तीन गोष्टी मागा : परवानगीपत्राची प्रत, त्यातल्या अटी, आणि बक्षिसांची गटवार विभागणी. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे, म्हणून अर्ज स्पर्धेच्या दोन महिने आधी द्या.