नवतपा, बोअरिंगचं पाणी आणि गाडीचा रंग

प्रश्न : गडद निळी गाडी घेऊन वर्ष झालं. मानेवाड्यात घरासमोर, कडुनिंबाखाली उघड्यावर उभी असते. बोअरिंगच्या पाण्याने धुते. बोनेटवर पांढरे गोल डाग पडलेत. दुकानदार '९ एच' सिरॅमिक कोटिंग करा म्हणतो, शेजारी म्हणतात साधं वॅक्स पुरे. टिकाऊ काय लावू?
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : ताई, सिंथेटिक पॉलिमर सीलंट (रंगावर हाताने लावायचा कृत्रिम संरक्षक थर) लावा, आणि वर्षातून दोनदा : होळीच्या आधी आणि पावसाळा ओसरल्यावर. कार्नोबा वॅक्सची, म्हणजे झाडापासून मिळणाऱ्या मेणाची, खोल चमक मला फार आवडते. पण ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं आणि मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आपल्याकडे पारा ४५च्या आसपास असतो. उन्हातल्या गडद गाडीच्या पत्र्यावर बोट टेकवत नाही. तिथे वॅक्स महिना-दोन महिने तग धरेल, चांगलं सीलंट चार ते सहा.

सिरॅमिक टिकतं, वर्षानुवर्षं टिकतं. पण '९ एच' हा आकडा पेन्सिलीच्या कडकपणाच्या मोजणीतला आहे. थर असतो एखाद-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). उडालेली गिट्टी त्याने अडत नाही. आणि तुमचं खरं दुखणं, ते पांढरे डाग, सिरॅमिकवरही पडतात. बोअरिंगच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उन्हात वाळला की क्षार तिथेच चिकटतात. म्हणून गाडी उघड्यावर आहे तोवर एवढा पैसा घालू नका. शेड झाली की जरूर विचार करा.

सीलंट किती टिकेल हे डबीपेक्षा आधीच्या तयारीवर ठरतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन थंड बोनेटवरचे डाग पुसा, लगेच धुवा. तरीही न गेलेले डाग क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, उतरलेत. त्यांना पॉलिश लागेल, तेही जाणत्या हाताने, कारण क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो. मग तळहात फिरवून बघा. खरखरीत लागलं तर शाम्पूच्या भरपूर फेसात क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवा. गाडी पूर्ण कोरडी करून सकाळी सावलीत सीलंटचा अगदी पातळ हात द्या, धुरकट झालं की मायक्रोफायबरने पुसा. जाड थराने टिकाऊपणा वाढत नाही. त्या रात्री गाडी ओली होऊ देऊ नका.

पुढे धुताना भांड्यांचा साबण नको, तो सीलंट उतरवतो. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी गाडीला वापरायची सवय पुष्कळ घरांत आहे. त्यात क्षार आणखी जास्त. ते संडासात ओता. शेवटची बादली महापालिकेच्या नळाची घ्या आणि थेंब वाळायच्या आत पुसा. कडुनिंबावरच्या पक्ष्यांची विष्ठा दिसली की ओलं फडकं थोडा वेळ ठेवून अलगद उचला, घासू नका. मे महिन्यात तर हे काम संध्याकाळवर टाकूच नका.