काँप्युटरचा कट्टा : ‘परवानगी द्यायची का?’ दिवसातून किती वेळा?

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो, सातबारा, पीकविमा, केवायसी, पोट्ट्यांचे फॉर्म, सगळंच. दोन वर्षांआधी कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला म्हणून तालुक्याच्या दुकानदारानं विकतची फायरवॉल, म्हणजे कोणता प्रोग्राम नेटवर बोलेल त्यावर पहारा देणारा प्रोग्राम, टाकून दिली. बरी चालली. मागच्या महिन्यात तिचं मोठं अपडेट आलं अन् तवापासून डोकं खाऊन राहिली. ब्राउझर उघडला की विचारते, प्रिंट काढली की विचारते, ‘लक्षात ठेव’वर टिक केली तरी दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं. परवा केवायसीले पंधरा-वीस जण बसून होते, मी चहा घ्याले उठलो तं स्क्रीनवर परवानगी विचारणारा चौकोन आला म्हणून माह्या पोरानं ‘ब्लॉक’ दाबून टाकलं, अन् अंगठ्याच्या मशीनचा लाइट लागून आहे पण स्क्रीनवर ‘डिव्हाइस नॉट रेडी’. केबल बदलली, पोर्ट बदलला, फडक्यानं काच पुसली. म्हाताऱ्या बाया दुपारपर्यंत बसून वापस गेल्या. कस्टमर केअरवाला म्हणे काढून पुन्हा टाका, टाकली, तं सगळे प्रश्न पयल्यापासून सुरू. बंदच करून टाकू का?
– एक केंद्रचालक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : बंद नका करू भाऊ. पण ही विकतची ठेवाच असंही मी म्हणत नाही, त्यावर येतोच.

आधी ती विचारते कशाले ते पाहू. तुमच्याकडे ज्या बाया वापस गेल्या त्यातल्या एखादीचा अंगठा एरवीही लागत नसेल, कापूस वेचून वेचून बोटाच्या रेषा घासल्या की मशीन म्हणते ही ती नाहीच. बाई तीच असते. फायरवॉलचं अगदी तसंच आहे. तुम्ही एखाद्या प्रोग्रामले परवानगी दिली की ती त्याची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते लिहून ठेवते, अन् बऱ्याच फायरवॉल त्या फाइलचा एक आकड्यांचा ठसाही घेतात, त्याले हॅश म्हणतात. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी हा ठसा पुरा बदलतो. आता ब्राउझर महिन्याभरात एकदा तरी स्वतःच अपडेट होऊन बसतो, तुम्हाले पत्ताही नसते, अन् फायरवॉलच्या हिशोबानं दारात नवाच माणूस उभा. काही प्रोग्राम तर दर अपडेटले नवीन फोल्डर काढून त्यात राहायले जातात, जुनी परवानगी जुन्या घराच्या नावावर पडून राहते.

अन् अपडेट फायरवॉलचंच असलं तं कधी कधी जुनी नियमांची यादीच नव्या व्हर्जनले वाचता येत नाही, ती कोऱ्या पाटीनं सुरू होते. तुमचं हेच झालं असावं. त्यावर पुन्हा इन्स्टॉल करायले लावणं म्हणजे उरलीसुरली यादीही पुसणं, मला तं या सल्ल्याचा रागच येते. सेटिंगमध्ये नियम एक्सपोर्ट करायची सोय असते, पुढचं मोठं अपडेट घ्यायच्या आधी ती फाइल काढून ठेवा, काम सोपं होते.

टिक करूनही विसरते याची मला दिसलेली कारणं दोन. एक, तुम्ही साध्या यूजरनं लॉगिन करता अन् नियम कायम करायले ॲडमिनचा, म्हणजे काँप्युटरच्या मुख्य यूजरचा, अधिकार लागतो. दुसरं, आपल्याकडची लाइन. नियम डिस्कवर उतरायच्या आतच लाइट गेली अन् यूपीएसची बॅटरी मेलेली, मग काय राहणार लक्षात. संध्याकाळी बोर्डाच्या बटनावरून काँप्युटर बंद करायची सवय असली तं तीही सोडा, शटडाऊन करूनच उठा.

आता अंगठ्याची मशीन. हे नीट वाचा, कारण असेच तीन-चार फोन मला या महिन्यात आले. मशीनसोबत जी आरडी सर्व्हिस (मशीन अन् केवायसीचं पान यांच्या मधला प्रोग्राम) टाकलेली असते ती तुमच्याच काँप्युटरमध्ये कान लावून बसलेली असते, पत्ता १२७.०.०.१, म्हणजे ‘मी स्वतः’, अन् पोर्ट, म्हणजे यूएसबीचं भोक नाही तं काँप्युटरच्या आतला दाराचा नंबर, १११०० ते १११२० यातला एखादा. केवायसीचं पान ब्राउझरमधून या पोर्टांवर एकेक करून दार वाजवते, आरडी सर्व्हिस आहे का म्हणून. ही बोलाचाली घरातल्या घरात आहे, बाहेर काहीच जात नाही, पण काही फायरवॉल घरातल्या बोलण्यावरही पहारा देतात. पोरानं ब्लॉक दाबलं ते इथं लागलं. म्हणून लाइट लागून आहे (त्याले करंट यूएसबीतून येते, त्याचा फायरवॉलशी संबंध नाही) अन् पान मात्र म्हणते मशीनच नाही. केबल बदलून काय होणार! पुन्हा असं झालं तं फायरवॉल उघडा, नियमांच्या किंवा प्रोग्रामच्या यादीत आरडी सर्व्हिसचं नाव शोधा, ब्लॉक केलेली नोंद डिलीट करा, काँप्युटर रीस्टार्ट करा, मग विचारलं की परवानगी द्या. या सर्व्हिसले मशीनच्या कंपनीच्या सर्व्हरशीही बोलावं लागते, ते बाहेरचं बोलणंही अडवू नका, नाही तं आज चालेल अन् काही दिवसांनी पुन्हा रुसेल.

अजून एक नाव हमखास येते, एस-व्ही-सी-होस्ट. पोट्ट्याले वाटते हाच व्हायरस. तो विंडोजचाच आहे, नेट जोडायची, साइटचा पत्ता शोधायची, अपडेट आणायची कामं त्याच्यामार्फत होतात, त्याले ब्लॉक केलं की वायफायच्या दांड्या पूर्ण अन् एकही साइट उघडत नाही. फक्त तो विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधलाच आहे ना ते पाहा. दुसऱ्या फोल्डरमधून आला किंवा अक्षरं मागंपुढं करून एस-सी-व्ही-होस्ट लिहिलं असलं, तं बिनधास्त ब्लॉक करा अन् स्कॅन लावा.

आता ठेवायची का. माझं मत, तुमच्या केंद्राले विंडोजची स्वतःची फायरवॉल पुरते. जुन्या विंडोज एक्सपीमध्ये ती २००१ पासून होती पण बंद राहायची, ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या वर्मनं (नेटवरून स्वतःच पसरणाऱ्या व्हायरसनं) जगभरचे काँप्युटर आपोआप रीस्टार्ट करून सोडले, अन् ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ या एक्सपीच्या मोठ्या अपडेटपासून ती मुळातच चालू येऊ लागली. ती कमी बोलते, कारण बाहेर जाणाऱ्याले ती एरवी अडवतच नाही, बाहेरून कोणी आत यायले दार मागितलं तरच विचारते. हा तिचा कमीपणाही आहे, आत आलेला चोर बाहेर बोलला तं ती ओरडणार नाही. पण दिवसाला तीस वेळा विचारणारी अन् तीसही वेळा न वाचता ‘हो’ दाबून घेणारी फायरवॉल कोणाले अडवून राहिली ते सांगा. चोरासाठी अँटिव्हायरस चालू ठेवा अन् गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह स्कॅन केल्याबिगर उघडू नका, तुमचा व्हायरस तिथूनच आला होता.

विकतची काढली की विंडोजची आपोआप चालू व्हायले पाहिजे, पण ‘विंडोज सिक्युरिटी’त जाऊन हिरवी खूण पाहूनच गिऱ्हाईक घ्या. अन् ही सगळी उलाढाल रविवारी करा, केवायसीची शेवटची तारीख असताना नाही. काँप्युटर अजून विंडोज १० वर असला तं त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला आहे, तेही दुकानदाराले विचारून घ्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझ्या फोनचं नेट लॅपटॉपला जोडते तेव्हा ‘या नेटवर्कवर तुमचा पीसी इतरांना दिसू द्यायचा का’ असं विचारतो, कधी विचारतो कधी नाही.
– वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही कधी केबलनं जोडत असाल कधी हॉटस्पॉटनं, विंडोजसाठी ती दोन वेगळी नेटवर्क आहेत. ‘नाही’ म्हणा, म्हणजे ते पब्लिक, म्हणजे परक्या लोकांचं नेटवर्क, धरल्या जाते, नेट तरीही चालते. ‘हो’ फक्त शाळेतला प्रिंटर दुसऱ्या काँप्युटरवरून वापरायचा असला तरच, तेही शाळेच्या वायफायवर.

प्रश्न : मुलानं गेम टाकला, फायरवॉलनं विचारलं, मी रद्द केलं. तरी रात्री बारापर्यंत खेळत होता! फायरवॉल बिघडली का?
– एक आई, आर्वी

उत्तर : नाही ताई. विंडोजची फायरवॉल असली तं रद्द केलं म्हणजे बाहेरच्यानं आत यायचं नाही एवढंच झालं, गेम स्वतः बाहेर जाऊन खेळते, त्याले कोणी अडवलं नाही. राऊटरचं बटन तुमच्या खोलीत घ्या.