गुडघे बदलताना पाय ‘अगदी सरळ’ व्हायलाच हवा का?

आपल्या आईच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन ठरले आहे. एक सर्जन पाय अगदी सरळ करून देतो म्हणतात, दुसरे पायाचा दोन-तीन अंशांचा बाहेरचा वाक (फेंगडेपणा) मुद्दाम राखीन म्हणतात, आणि यांतले कोणाचे ऐकावे व रोबोटचा जादा खर्च करावा का, असे आपण विचारले आहे. मी इंदूरमध्ये सांधे बदलण्याचेच काम करतो, तेव्हा आधी उत्तर देतो आणि मग कारणे: दोघेही बरोबर असू शकतात, कारण ते दोन वेगवेगळ्या पण मान्य पद्धतींविषयी बोलत आहेत.

खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेषा ओढली आणि ती गुडघ्याच्या मध्यातून गेली, की पाय सरळ आहे असे आम्ही म्हणतो. रूढ पद्धतीत मांडीचे हाड आणि नडगी ही दोन्ही आपापल्या अक्षाशी काटकोनात कापून ही रेषा मध्यावर आणली जाते. १९९१ मध्ये इंग्लंडमधून ११५ गुडघ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रेषा सांध्याच्या मधल्या तृतीयांशातून गेलेल्या रुग्णांपैकी ३ टक्क्यांचे इम्प्लांट सैल झाले होते आणि बाकीच्यांपैकी २४ टक्क्यांचे. ‘सरळ रेषेपासून तीन अंशांच्या आत राहा’ हा दंडक अशा आकड्यांच्या जोरावर पक्का झाला. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या सर्जनांनी सिमेंटने बसवलेल्या ३९८ आधुनिक गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा तीन अंशांच्या आतले गुडघे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले असे काही आढळले नाही. २०१२ मध्ये बेल्जियममधल्या निरोगी तरुणांच्या तपासणीत ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय मुळातच तीन अंश किंवा त्याहून अधिक फेंगडे निघाले. अशा माणसाचा पाय काटेकोर सरळ केला, तर आतल्या बाजूची लिगामेंट, म्हणजे हाडे बांधून ठेवणारे पट्टे, सोडवत बसावे लागते आणि जन्मभर वेगळ्या ताणाची सवय झालेल्या गुडघ्याला तो बदल नेहमीच मानवतो असे नाही. दुसऱ्या डॉक्टरांच्या म्हणण्यामागे हा विचार असणार. माझे स्वतःचे मत असे, की मुळात फेंगड्या पायात दोन-तीन अंश राहू द्यायला हरकत नाही, मात्र तो वाक आधी कागदावर ठरवलेला असावा. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेत अचानक दिसलेल्या वाकाला मागाहून ‘नैसर्गिक’ म्हणणे मला पटत नाही.

पण समोरून दिसणारी ही रेषा म्हणजे सगळे काम नव्हे. रुग्णाला रोज ज्याचा त्रास होतो ते बहुतेक वेळा इम्प्लांट आत किंवा बाहेर किती फिरवून बसवले यावर ठरते, आणि ते साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही. मोजायचे झाले तर सीटी स्कॅन लागतो. नडगीचा माथा निसर्गतः सुमारे तीन अंश आत कललेला असतो. आपण तो काटकोनात कापला, की पाय वाकवल्यावर दोन हाडांमधली आतली फट अरुंद आणि बाहेरची रुंद राहते. ती सारखी करण्यासाठी इम्प्लांटचा मांडीकडचा भाग तेवढाच, म्हणजे साधारण तीन अंश, बाहेर फिरवून बसवावा लागतो. हे विसरून तो आत फिरला, तर गुडघ्याची वाटी बाहेर ओढली जाते, आणि रुग्ण सपाटीवर झकास चालतो पण राजवाड्याजवळच्या जुन्या घरांतले उभे जिने उतरताना कठडा सोडत नाही. सिमेंट लावण्यापूर्वी ट्रायलचे (तात्पुरते, मापाचे) तुकडे बसवून आम्ही गुडघा पूर्ण वाकवतो आणि वाटीला अंगठ्याचा आधार न देता ती आपल्या खाचेत राहते का ते पाहतो. ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा मला पडद्यावरच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

चूक शिरण्याच्या जागा तशा क्षुल्लक दिसतात. नडगीचा माथा सुमारे ७५ मिलिमीटर रुंद धरला, तर तीन अंशांचा फरक म्हणजे एका कडेला जेमतेम चार मिलिमीटर. घोट्याचा खरा मध्य दोन्ही हाडांच्या टोकांच्या बरोबर मधोमध नसून किंचित आतल्या बाजूला असतो, त्यामुळे जिग, म्हणजे करवतीला दिशा देणारा साचा, डोळ्यांच्या अंदाजाने लावला की तिरका बसतो. झिजलेल्या बाजूचे हाड घासून घासून इतके कडक झालेले असते, की करवतीचे पाते त्यावरून वर सरकते. म्हणून कापल्यानंतर तो पृष्ठभाग पुन्हा तपासावा लागतो. कापाचा कोन ठरवण्यासाठी मांडीच्या हाडात घालायची सळई साधारणपणे पाच ते सात अंशांच्या कोनावर लावतात, परंतु ज्यांच्या मांडीचे हाडच धनुष्यासारखे वाकलेले आहे त्यांना हा ठरावीक कोन लागू पडत नाही, आणि आपल्याकडच्या वयस्कर स्त्रियांमध्ये असे हाड वरचेवर भेटते.

रोबोट किंवा संगणकीय नेव्हिगेशनचा उपयोग इथेच होतो. ठरवलेला कोन अचूक साधण्यात ही यंत्रे सरस आहेत, मोठी चूक होण्याचे प्रमाणही त्यांनी कमी होते. पण कोन किती ठेवायचा हे सर्जनच सांगतो, आणि दुखणे व चालणे यांत रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक सरसकट दिसलेला नाही. हाड फार वाकलेले असेल, पूर्वीच्या फ्रॅक्चरची पट्टी किंवा रॉड आत असेल, तर मी स्वतः यंत्र मागतो. एरवी पैशांची ओढाताण करून ते घ्यावे असे मी सांगणार नाही. नेहमी हेच काम करणारा सर्जन साध्या जिगनेही चांगला सांधा बसवतो.

तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एवढेच विचारा: खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभ्याने काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे पाहिला आहे का, आणि त्यावर रेषा कुठे ठेवायचे ठरवले आहे? जे तो एक्स-रे समोर धरून आईच्या हाडाविषयी बोलतील, त्यांच्याकडे जावे. एक्स-रे काढताना आईच्या दोन्ही वाट्या समोर असू द्या असे तंत्रज्ञाला आवर्जून सांगा. पाऊल सरळ ठेवण्याच्या नादात गुडघा बाहेर वळला तर वाक खोटा दिसतो, आणि तसे झाल्यास एक्स-रे पुन्हा काढून घ्यावा.