रतनगड ते हरिश्चंद्रगड आठ जणांनी वाटाड्या न घेता, फक्त मोबाईलमधल्या जीपीएस ट्रॅकवर (आधी कुणी चालून नोंदवलेल्या वाटेवर) करावा का?

नाही, निदान रतनगड ते कुमशेत गाव या टप्प्यासाठी पायथ्याच्या रतनवाडीतून वाटाड्या घ्याच. रतनगडाच्या शिड्या उतरल्यावर रतनवाडीची मळलेली वाट सोडून कात्राबाईच्या खिंडीकडे वळलं की खरी परीक्षा सुरू होते. जंगलात ढोरवाटा इतक्या फुटतात की प्रत्येक वाट आपलीच वाटते. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा सोबत ट्रॅक होता आणि दोन्ही वेळा चुकलो. पावसाळ्यानंतर गवत छातीपर्यंत येतं. झाडीत जीपीएस वीस-तीस मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि दोन ढोरवाटांमधलं अंतर तेवढंच असतं! कुमशेतहून पाचनईपर्यंत मात्र गावं आहेत, विचारत जाता येतं. पाचनईवरून हरिश्चंद्रगडाची वाट तर मळलेलीच आहे.

आठ जण म्हणजे रांग लांबते आणि मधलेच चुकतात. म्हणून:
- फाटा आला की शेवटचा गडी दिसेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही.
- शेवटी चालणारा अनुभवी हवा. सगळे दमदार पुढे पळतात, तिथेच घोळ होतो.
- माणशी किमान तीन लिटर पाणी.

तुमच्यातल्या कुणी हीच वाट गेल्या हिवाळ्यात चालली असेल तर वाटाड्याशिवाय जमेल, पण नोव्हेंबर ते जानेवारीतच. पावसात आणि धुक्यात तोही अनुभव कामाला येत नाही.