बेरजेत दिसेनासा झालेला तालुका

प्रश्न : मी जत तालुक्याच्या पूर्व भागात राहते. सांगली जिल्हा म्हटलं की लोकांना ऊस, हळद, द्राक्षं आठवतात. आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर येतो. अनुशेष, समतोल विकास हे शब्द विदर्भ-मराठवाड्याच्या बातम्यांतच वाचायला मिळतात. नियोजनात आमच्या गावांचा हिशेब होतो तरी का?
– एक ग्रामपंचायत सदस्या

उत्तर : ताई, हिशेब होतो, पण ज्या मापानं होतो त्यात तुमचं गाव दिसत नाही. नोकरीची बरीच वर्षं मी जिल्हा नियोजनाच्या कामात काढली. तालुक्यांची माहिती वेगवेगळी यायची, आम्ही ती तक्त्यात भरायचो आणि खाली जिल्ह्याची बेरीज मारायचो. मंत्रालयात वाचली जायची ती खालची ओळ. कृष्णाकाठच्या वाळव्याचं भिजलेलं रान आणि जतचं कोरडं रान त्या एका ओळीत मिसळून जायचं.

याचं मूळ राज्यातल्या विकासाचा असमतोल मोजण्यासाठी 1983 साली नेमलेल्या, अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीच्या पद्धतीत आहे. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा तिच्या जेवढा खाली, तेवढा त्याचा अनुशेष. एकूण आकडा निघाला सुमारे 3,187 कोटी रुपये. त्यातले जवळपास 1,189 कोटी विदर्भ-मराठवाड्याबाहेरचे, म्हणजे उर्वरित महाराष्ट्राचे होते, हे आज कुणाच्या लक्षातही नसतं. दांडेकरांबद्दल मला मोठा आदर आहे. मागासलेपण त्यांनी भाषणांतून काढून आकड्यांत आणलं. पण घटक जिल्हा राहिला, आणि श्रीमंत जिल्ह्यातला गरीब तालुका त्यात झाकला गेला.

2013 मध्ये याच प्रश्नावरच्या विजय केळकर समितीनं आपल्या अहवालात तालुका हा घटक धरला. विदर्भ-मराठवाड्यातून त्याला मोठा विरोध झाला. आपला वाटा पातळ होईल ही त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. तरी निदान पाण्यापुरता तालुकाच धरावा, या मताचा मी आहे. तुमच्याकडेच पाहा ना. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी उपसून जतकडे आणलं, तरी पूर्व भागातल्या गावांसाठी विस्तारित योजना वेगळी मागावी लागली. म्हणजे तालुक्याच्या आतही दोन जत आहेत.

आता तुमच्या हातातलं सांगतो. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा तुम्हीच करता. पंधराव्या वित्त आयोगानं गावांना दिलेल्या निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. तो कुठल्या कामांवर पडला, हे दप्तर उघडून पाहा. सदस्य म्हणून तो तुमचा हक्क आहे. मग वस्तीवार लिहून काढा: टँकर कोणत्या महिन्यात सुरू झाला, खेपा किती, कोणती विहीर कधी आटली. हा तक्ता ठरावासोबत पंचायत समितीला द्या आणि एक प्रत तुमच्या गटातून निवडून आलेल्या जिल्हा परिषद सदस्याला. जिल्हा नियोजन समितीवर बहुतेक सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतून निवडून जातात, पण तिथे बोलताना त्यांच्या हातात बहुधा जिल्ह्याचाच आकडा असतो.

हा तक्ता आधी महिला ग्रामसभेत वाचा. कोणत्या घरची बाई किती लांबून घागर आणते, हे तिथल्या बायका तुम्हाला नावानिशी सांगतील.