बुडी धाकट्याच्या मापाची

प्रिय बाय,

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि आज होडी सोडण्याआधी पुन्हा वाचलं. जानेवारीचे दहा दिवस, कॅरिबियन समुद्रातली तीन बेटं, पाठीवर हवेची टाकी बांधून बावीस बुड्या. आधी बेलीझचा ब्लू होल, मग कोझुमेलच्या पाण्याखालच्या प्रवाळाच्या उभ्या भिंती, शेवटी केमन. या सगळ्यात तुझा धाकटा भाऊ कुठे आहे ते मी शोधत होतो. विमानाच्या तिकिटात सापडला, बुड्यांत नाही. आणि शेवटी तू लिहितेस, "त्याला सोबत खोल न्यावं की वर ठेवून मी एकटीने जावं, काहीच कळत नाही काका."

कळणार कसं? तू आधी बेटं ठरवलीस आणि मग त्यांच्यात त्याला बसवायला निघालीस. उलट कर. बुडी धाकट्याच्या मापाची. वयाने धाकटा असं नाही म्हणत, पाण्यात जो धाकटा तो. खोली त्याची, वेळ त्याची, बेटसुद्धा त्याचं.

तारकर्लीला बुडी शिकल्याचं कार्ड घेतल्यावर दोन सकाळी तो माझ्याबरोबर किल्ल्यामागच्या खडकांवर उतरला होता. पोरगा पाण्याला घाबरत नाही आणि पोहतो तुझ्याहून बरा. पण प्रशिक्षणाच्या चार बुड्या आणि माझ्याबरोबरच्या दोन, असा सहा बुड्यांचा गडी आहे तो. त्याही सात-आठ मीटरवर, माझा पाय हाताच्या अंतरावर असताना मारलेल्या. आपल्याकडे पाणी गढूळ, पण तळ लगेच पायाखाली येतो. हा तळच नवशिक्याला सांभाळतो, हे त्याला अजून ठाऊक नाही. तिकडे २५-३० मीटर आरपार दिसतं. भिंतीच्या कडेवरून खाली पाहिलं की नुसता निळा रंग. तरंगतं ठेवणाऱ्या जॅकेटातली हवा जराशी कमी पडली की माणूस खाली सरकतो, आणि पाणी इतकं नितळ की सरकल्याचं कळतही नाही. मनाला पंधरा मीटर वाटतात, खोलीच्या गेजवर सत्तावीस असतात.

हे ऐकीव नाही. क्रूझच्या जहाजावर नोकरीला होतो तेव्हा दर हिवाळ्यात आमचं जहाज कॅरिबियनमध्येच फिरायचं. बुडी मारायला मी तिथेच शिकलो, मग घरी येऊन मालवणात धंदा केला.

ब्लू होलचं नाव काढू नकोस. सव्वाशे मीटरांच्या आसपास खोल विवर ते. लोक जे बघायला जातात ते चुनखडीचे लोंबते खांब चाळीस मीटरच्या सुमाराला आहेत. त्याचं कार्ड १८ मीटरपर्यंतच उतरायचं. "गाईड असतो ना बरोबर" हे तुझं वाक्य वाचून मला राग आला, लपवत नाही. गाईड त्याचे कान मोकळे करून देणार आहे का? कोझुमेल मला आवडतं, पण तिथे प्रवाह माणसाला नेतो, थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नाही. शिवाय हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला, तिकडे त्याला नोर्ते म्हणतात, की बंदर बंद करतात. मग दोन बंद दिवसांच्या बुड्या तिसऱ्या दिवशी भरून काढायची घाई सुरू होते. घाई आली की माप मोठ्याचं होतं.

बोनेरला जा. एकच बेट, दहाही दिवस. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे ते. जानेवारीत तसाही वादळांचा मोसम संपलेला असतो, तो ३० नोव्हेंबरपर्यंतच. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात म्हणून पूर्वेचा किनारा खवळलेला असतो, तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. पश्चिमेला मात्र पाणी शांत, आणि प्रवाळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सुरू होतं. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड आहेत, प्रत्येकावर त्या जागेचं नाव. गाडी लावायची आणि चालत पाण्यात शिरायचं. होडीची वेळ नाही, वर सात माणसं खोळंबलेली नाहीत. कान दुखला की मागे फिरायचं आणि दगडावर बसून पाव खायचा. १९७९ पासून तिथलं सगळं पाणी राखीव आहे. हातमोजे चालत नाहीत, प्रवाळाला हात लावायचा नाही, आणि सुरुवातीची एक बुडी तपासणीची असते. त्या तपासणीला लोक कंटाळतात. तू कंटाळू नकोस, त्याच्या कमरेला बांधायची वजनं तिथेच नीट करून घे. पहिले दोन दिवस तिथला गाईड घे, मग दोघंच जा.

एका बेटाला दुसरंही कारण आहे. अनेक दिवस बुड्या मारल्या की विमानात बसण्याआधी निदान १८ तास कोरडं राहावं लागतं. तीन बेटं म्हणजे मधली दोन उड्डाणं. मोज म्हणजे पाण्याचे दिवस किती उरतात ते दिसेल.

आता माझं सांगतो. तुझ्या आईला माहीत आहे, तुला कुणी सांगितलं नसेल.

२००६ च्या फेब्रुवारीत मी माझ्या धाकट्या भावाला निवतीच्या खडकांवर नेलं होतं. त्याच्या पाच-सहा बुड्या झालेल्या, माझ्या चारशेवर. पाणी त्या दिवशी काचेसारखं होतं. चार मीटरवर त्याने कानाकडे बोट दाखवलं. मी त्याला हाताने खूण केली, हळू, ये. तो आला. सहावर पुन्हा बोट दाखवलं, मी पुन्हा तीच खूण केली, कारण खाली मला गोबऱ्या माशांची जागा दाखवायची होती. तो माझ्यावर भरवसा ठेवून आला. नवव्या मीटरवर त्याचा पडदा फुटला. थंड पाणी आत गेलं आणि त्याला वर कुठे, खाली कुठे ते कळेना. मी त्याला पट्ट्याला धरून वर आणलं. ओठावरून, मानेवरून रक्त. तो वाचला, पण पुन्हा पाण्यात उतरला नाही. आज मुंबईत असतो, आणि बोलताना मान डावीकडे वळवून उजवा कान पुढे करतो. मी प्रत्येक गणपतीला ते बघतो.

पाण्यातला दाब पहिल्या दहा मीटरांतच दुप्पट होतो. म्हणजे कानाचा सगळा खेळ उथळातच आहे, जिथे आपल्यासारख्यांना काही झालंसं वाटत नाही. नाक दाबून हळू फुंकायचं ते दुखायच्या आधी, दर मीटरला. दुखल्यावर फुंकून उपयोग नाही, वर सरकायचं. तो आधी, तू त्याच्या मागून उतर. डोळे त्याच्या हातांवर ठेव, माशांवर नको.

आमचे बाबा तांडेल, मच्छीमारांचे म्होरके. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोन्हीकडच्या दोऱ्या सारख्या याव्या लागतात. एका बाजूच्या दांडग्यांनी जोर केला की जाळं वाकडं येतं आणि मासळी निसटते. बाबा ओरडायचे, "दुबळ्याचो हात बघान वढा रे!" मी ते लहानपणी शंभरदा ऐकलं, आणि निवतीला विसरलो.

तेव्हापासून मी हट्टी झालो. जोडीने आलेल्या गिऱ्हाइकांना सांगतो, तुमच्यातला नवा जिथे थांबेल तिथे बुडी संपेल. काही जण पैसे परत मागून दुसऱ्या होडीत बसले. एका मोसमात तर निम्मं बुकिंग गेलं, आणि काका म्हातारा झाला, घाबरतो, असं बंदरावर बोललं गेलं. मला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत माझ्या होडीवर एकही कान फुटला नाही. मी चूक होतो असं मला कुणी पटवून दिलेलं नाही, आणि तू त्या फंदात पडू नकोस.

हवेचं ऐक. नवा माणूस दणादण श्वास घेतो. त्याची टाकी ५० बारवर (बार म्हणजे टाकीतल्या हवेच्या दाबाचं माप) येईल तेव्हा तुझी १०० वर असेल. तुला वाटेल, अजून वीस मिनिटं आहेत. नाहीत, गो बाय. दोघांनी निघायचं, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, वर यायचं. आणि त्याने ५० ला सांगायचं असं नको, १०० ला सांगायला लाव, ७० ला परतीला लागा. तिकडे गेज बहुधा पीएसआय आणि फुटांचा मिळेल. आपल्याकडे तो बार आणि मीटर शिकलाय. ५० बार म्हणजे साधारण ७०० पीएसआय, १८ मीटर म्हणजे ६० फूट, हे निघण्याआधी त्याच्याकडून पाठ करून घे. अंगठा वर केला की वर जायचं, हेही. आपली माणसं घाबरली तरी सवयीने अंगठा दाखवून छान म्हणतात. खाली त्याचा अंगठा दिसला तर विचारत बसू नकोस, वर आण.

मुंबईहून येणाऱ्याला तिथे साडेनऊ तासांचा फरक पडतो, वर विमानातली कोरडी थंड हवा. पहिला दिवस त्याला झोपू दे. सर्दी झाली तर औषध घेऊन उतरवू नकोस, दिवस जाऊ दे. तीन मिलिमीटरचा सूट पुरे, पाणी २६ अंशांच्या आसपास असतं. दोघांचा बुडीचा विमा काढ.

तुला खोल जायचंय ते मला कळतं. ती ओढ मलाही होती, आहे. पुढच्या हिवाळ्यात एकटी जा, भिंतीवर तीस मीटर उतर, मी स्वतः तुझा आराखडा बघून देईन. हे दहा दिवस मात्र त्याचे. आणि त्याला तसं सांगू नकोस, की तुझ्यासाठी मी उथळात थांबले. ते ओझं नको म्हणून तर माझा भाऊ चार मीटरवरून परत फिरला नाही.

पहिल्या बुडीनंतर मला दोन ओळी लिही. किती खोल गेलात ते नको. वर आलात तेव्हा त्याच्या टाकीत किती हवा उरली होती आणि कान कसे होते, एवढंच कळव.

तुझा,
काका
मालवण